खर्जातला सा

माझ्या व्हायोलिनचा गज पहिल्यांदा थरथरला तो अंबडच्या एका मंगल कार्यालयात, भर दुपारी. लग्नाची तारीख नसली की रविवारी तिथला जेवणाचा हॉल आम्हाला मिळायचा. भिंतीशी एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, फिनेलचा वास, आणि मधल्या मोकळ्या जागेत आम्ही दहा-बारा जण आपापली वाद्यं घेऊन अर्धगोलात बसलेलो.

आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना चमकीचा कोट घातलेला गायक आठवतो. आमच्यात गाणारं कोणीच नव्हतं. नुसती वाद्यं. दातांचे डॉक्टर बासरी वाजवायचे, कोर्टातले एक कारकून तबल्यावर बसायचे, आणि आम्हा सगळ्यांना हाकायचे ते सर. सर कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. चाली तेच बांधायचे, आणि हार्मोनियमवर एक हात ठेवून दुसऱ्या हातानं आम्हाला आवरायचे. पोटासाठी वाजवणारा आमच्यात एकही नव्हता.

मी वडीगोद्रीच्या शाळेत गणित शिकवते. अंबडहून रोज एसटीनं जाते-येते. माहेर भोकरदनकडच्या धावड्याचं. हायस्कूलसाठी मामाकडे जालन्याला राहिले, तेव्हा व्हायोलिन शिकले होते. लग्नानंतर ते सुटलं. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर सुनं झालं, तेव्हा माळ्यावरची पेटी खाली काढली. तारा गंजलेल्या होत्या, गजाचे केस किड्यांनी खाल्लेले. दुरुस्त करून आणलं आणि सरांच्या हॉलमध्ये जाऊन बसले.

माझ्या शेजारी दुसरं व्हायोलिन होतं ते भाईंचं. अंबडच्या बाजारात त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान. घरी उर्दू, दुकानात मराठी, आणि व्हायोलिन हातात आलं की कुठलीच भाषा नाही, नुसते घामाघूम. आम्हा दोघांत एकच स्टँड होता, त्यावर सरांनी लिहून दिलेला कागद असायचा.

त्या रविवारी सरांनी जालन्याच्या कार्यक्रमासाठी नवी चाल आणली होती. सुरुवातीला सगळी वाद्यं गप्प, आणि एकट्या व्हायोलिननं खर्जातला सा धरायचा. तो पुरता भरला की त्यावर बासरी येणार.

"मॅडम, हा तुम्ही घ्या," सर म्हणाले. "सोपं आहे. मोकळी तार. बोट ठेवायचंसुद्धा काम नाही. फक्त गज ओढायचा, पण सावकाश. ऐकणाऱ्याला कळू नये कधी सुरू झाला."

व्हायोलिन हातात धरलेलं माणूसच जाणे, सावकाश ओढण्याएवढं अवघड काही नसतं. भरभर वाजवताना सगळं झाकून जातं. सावकाश ओढताना हातातलं काहीच लपत नाही.

मी गज लावला. अर्ध्यापर्यंत बरा गेला. मग तो तारेवर उडायला लागला. बारीक बारीक टिचक्या मारल्यासारखा. सूर फाटला.

"पुन्हा," सर म्हणाले.

पुन्हा तेच झालं, आणि तिसऱ्यांदा त्याहून वाईट.

"घाबरताय कशाला? इथं कोण परकं बसलंय?" सर म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. पण मी त्यांना घाबरलेच नव्हते. मी माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. तो हात मी आधी पाहिला होता. माझ्या आईच्या अंगाला.

आईला कंपवात होता. पन्नाशीच्या आसपास सुरू झाला. आधी उजव्या हाताचं बोट अंगठ्यावर घासत राहायचं, माळ ओढल्यासारखं. मग अख्खा हात. कपबशी हातात दिली की ती वाजायची, आणि तो आवाज थांबावा म्हणून आई चहा तसाच खाली ठेवायची. नंतर नंतर तिचा चेहराच थांबला. सुट्टीत मी धावड्याला गेले की ती माझ्याकडे बघायची, आणि त्या चेहऱ्यावर काहीच उमटायचं नाही. मी आल्याचा आनंद झालाय की राग आलाय तेही कळायचं नाही. शेवटच्या दिवसांत तिला कूससुद्धा बदलता येत नव्हती. ते सगळं माझ्या मोठ्या भावानं आणि वहिनीनं केलं. मी चार दिवस जायचे आणि परत यायचे.

आता मी त्याच वयाला आले होते.

त्या दिवसापासून मी हाताची राखण करायला लागले. चहा गाळताना बघायचं, भाजी चिरताना बघायचं, शाळेत मस्टरवर सही करताना बघायचं. एसटीत खिडकीशी बसून मोबाईलवर वाचायचं. वाचू नये असं सगळं वाचलं. वास येईनासा होतो म्हणे, म्हणून मी घरी गेल्या गेल्या हिंगाची डबी उघडून हुंगायचे. वास यायचा. पाच मिनिटांनी वाटायचं, कालच्यापेक्षा कमी आला का? पुन्हा डबी उघडायची.

अक्षर लहान होत जातं असंही वाचलं होतं. एके दिवशी नववीच्या वर्गात फळ्यावर उदाहरण सोडवत होते, मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, लई बारीक लिहू राह्यल्या तुम्ही. दिसंना आम्हाला."

मी खडू खाली ठेवला. मागे सरून फळ्याकडे पाहिलं. पहिली ओळ मोठी होती. खाली खाली येताना अक्षरं आखडत गेली होती. जागा पुरेना म्हणून तशी झाली असतील, कोणाचीही होतात. पण आईनं शेवटी शेवटी लिहिलेली वाणसामानाची यादी अशीच असायची, वाचताना डोळे जवळ न्यावे लागायचे. मी वर्गाला वाचन करायला सांगितलं आणि तास संपेपर्यंत टेबलाला हात टेकून बसून राहिले.

घरी नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्यांच्यासमोर कप दोन्ही हातांनी धरायचे. "थंडी वाजतीय का?" त्यांनी एकदा विचारलं. उन्हाळा होता. मी म्हटलं, "सवय लागलीय."

पुढच्या रविवारी सरांना फोन करून कळवलं की शाळेत जादा तास आहेत, येणं जमणार नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी. व्हायोलिनची पेटी कपाटाच्या मागे सरकवून ठेवली. 

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी वडीगोद्रीच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभी होते. समोर भाईंची मोटारसायकल येऊन थांबली. गावात त्यांची गिऱ्हाइकं होती, बियाण्यांची पाकिटं पोचवायला आले होते. गाडी बाजूला लावून ते माझ्यापाशी आले.

"मॅडम, जादा तास संपले का न्हाई?"

"अजून चाललेत."

"सर नाराज हैत. त्यांना वाटतं त्यांनी तुम्हाला लोकांसमोर टोकलं म्हणून तुम्ही येईनात."

"तसं काही नाही, भाई."

रस्त्यावरून ट्रक जात होते. ते जवळ सरकून म्हणाले, "मी तुमच्या बाजूलाच बसतो, मॅडम. तुमचा हात पाह्यला मी. माझा बी हलतो. पहिल्या पहिल्यांदा तर एवढा हलायचा की बायको म्हणायची, बंद करा, शेजारच्यांना वाटतं बकरी आल्ती घरात."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. रस्त्यावर, लोकांच्या समोर. ते गडबडले. मी त्यांना आईचं सांगितलं. आजवर जे घरात बोलले नव्हते ते बसच्या स्टॉपवर सरावाला शेजारी बसणाऱ्या एका माणसाला सांगून टाकलं.

त्यांनी फिकर करू नका वगैरे म्हटलं नाही. त्यांचा चेहराही उतरला. मग म्हणाले, "घरी एकट्या वाजवता तवा हलतो का?"

त्या रविवारपासून घरी मी वाजवलंच नव्हतं. वाजवून बघायची हिंमत नव्हती. तेवढ्यात बस आली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. घरात कोणी नाही असं पाहून मी पेटी काढली. व्हायोलिन सुरात लावायलाच किती वेळ घालवला, मुद्दाम. मग डोळे मिटून खर्जातला सा धरला. गज सरळ गेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा ओढला, पुन्हा सरळ. माझ्या अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि मी हात बघावा म्हणून डोळे उघडले. हाताकडे बघताक्षणी तो हलायला लागला.

म्हणजे काय समजायचं? मी व्हायोलिन मांडीवर घेऊन बसून राहिले. मग दादाला फोन लावला.

दादा धावड्यालाच असतो, शेती बघतो. आमचं बोलणं म्हणजे पाऊस, पिकं, भाचरांचे निकाल. त्या दिवशी मी सरळच विचारलं, "दादा, आईचं कसं सुरू झाल्तं रे? अगदी पहिल्यांदा?"

त्यानं टीव्ही बंद केल्याचं ऐकू आलं. 

"का विचारू राह्यलीस?" तो म्हणाला.

"असंच."

"काम करताना नव्हता तिचा हात हालत," तो सावकाश बोलला. "भाकरी थापताना बराबर राह्यचा. मोकळी बसली, टीव्ही बघू लागली, की मंग हलायचा. कपबशीचं लई उशिरानं आलं."

मला सुटल्यासारखं झालं. माझा हात मोकळा असताना हलत नव्हता. मी खाली पाहिलं. मांडीवर पडला होता, शांत. पण दादाचं बोलणं संपलं नव्हतं.

"तुझा हलू राह्यला का?" त्यानं विचारलं.

"व्हायोलिन वाजवताना. तुला कसं कळलं?"

"दुसरं कशाला विचारशील?" तो म्हणाला.  "मी बी रोज बघतो माझा."

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. इतकी वर्षं आम्ही दोघं वेगवेगळ्या गावांत आपापला हात बघत होतो, आणि एकमेकांना फोनवर पाऊस झाला का विचारत होतो.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. ते रागावले नाहीत. "म्हणून कप तसा धरत होतीस," एवढंच म्हणाले, आणि संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली. दादा म्हणाला, मी येतो तुझ्यासंगं. त्यानं स्वतःसाठी वेळ घेऊ दिली नाही. "मला काय झालंय?" म्हणाला.

डॉक्टर माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल एवढीशी बाई होती. तिनं मला बोटं एकमेकांवर आपटायला लावली, हात पुढे धरायला लावले, मांडीवर सोडायला लावले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. गणिताची शिक्षिका असून मी दोनदा चुकले. मग तिनं मला चालवलं, मागून खांदा धरून ओढलं, कागदावर गोल गोल रेघ काढायला दिली.

"तुम्हाला आईचा आजार नाही," ती म्हणाली. "घाबरल्यावर हात हलतो तसा हलतोय. आत्तासुद्धा तुम्ही केवढ्या घाबरलाय. वाजवत राहा."

 मी खुर्चीत बसले. दादानं माझ्या पाठीवर थोपटलं आणि तो जायला उठला.

"तुम्ही यांचे भाऊ ना?" डॉक्टरनं विचारलं. "आलाच आहात तर जरा चालून दाखवा."

"मी नुसता संगं आल्तो."

"दारापर्यंत जा आणि परत या."

दादा चालला. मी त्याच्या पाठीमागे बसले होते. त्याचा डावा हात पुढे-मागे होत होता. उजवा अंगालगत तसाच राहिला, खुंटीला अडकवल्यासारखा. धावड्याच्या घरापासून विहिरीपर्यंत मी आईच्या मागे असंच चालले होते, पुष्कळदा. डॉक्टर काही बोलायच्या आधीच मला कळलं. मला वाटलं, त्यानं वळूच नये. तो वळला, आणि माझा चेहरा बघून त्यालाही कळलं.

डॉक्टर शांतपणे बोलली. सुरुवात आहे, औषधं चांगली आहेत, शेतात जाता येईल, चालणं सोडू नका. आईला होता म्हणूनच झाला असं मी म्हणणार नाही, असंही म्हणाली. दादा मान हलवत होता. माझ्या कानात ते शिरत होतं आणि तसंच बाहेर जात होतं. मला बरं सांगितलं त्याला अजून चहा प्यायला लागतो एवढाही वेळ झाला नव्हता.

बसस्टँडवर आम्ही खरंच चहा घेतला. दादानं ग्लास डाव्या हातात धरला.

"मला म्हाईत व्हतं," तो म्हणाला.

"कवापासून?"

"फवारणीच्या वक्तापासून. पंप मारताना हात मागं पडू लागला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू तरी कुठं सांगितलं?"

 भोकरदनची गाडी लागली तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "तुझं ते वाजवणं कधी हाय? सांग मला. तुझ्या वहिनीला घेऊन येतो."

मी पुन्हा सरावाला गेले. जायला लागले, असं म्हणणं खरं. सर मला बघून एवढे अवघडले की त्यांनी आधी हार्मोनियमचा भाता तपासला, मग चष्मा पुसला, मग म्हणाले, "तुम्हाला नको असेल तर तो सा आपण भाईंना देऊ."

"मला नका देऊ सर," भाई जवळजवळ ओरडलेच. "बिलकुल नका. माझ्या हातात बकरी हाय."

कोणालाच काही कळलं नाही. मी एकटी हसले. सा माझ्याकडेच राहिला.

मला वाटलं होतं, आजार नाही म्हटल्यावर भीती जाईल. ती गेली नाही, तिनं नुसती जागा बदलली. गज उडायला लागला की आता मला दादाचा उजवा हात दिसायचा. कधी गज सरळ जायचा, कधी नाही. सरांनी टोकणं सोडून दिलं, आणि त्याची मला जास्त भीती वाटायची. घरी आले की दादाला फोन करायचे. गोळ्या घेतल्या का विचारायचे. तो म्हणायचा, घेतल्या, अन् तू वाजवलं का?

कार्यक्रम जालन्याला एका शाळेच्या सभागृहात झाला. हौशी वाद्यवृंद ऐकायला कोण येणार असं वाटलं होतं, पण सभागृह बरंच भरलं. पडद्याच्या फटीतून मी पाहिलं. दादा आणि वहिनी मधल्या रांगेत बसले होते. दादानं पांढरा सदरा घातला होता आणि तो छताच्या पंख्याकडे बघत होता. माझे तळहात ओले झाले. मी ते साडीला पुसले, पुन्हा ओले झाले.  भाई शेजारी पुटपुटत होते, काय ते कळत नव्हतं. मला मनापासून वाटलं, वीज जावी.

वीज गेली नाही. पडदा सरकला, सरांनी हात वर केला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी गज लावला. सुरुवात कोणाला कळली नसेल इतकी हलकी झाली. मग मधल्या टप्प्यात गज थरथरला. मला वाटलं, उचलावा, संपवावा, उठून जावं. सभागृहात कोणीतरी खोकलं. मी गज उचलला नाही. तो थरथरतच शेवटपर्यंत नेला, त्याच वेगानं, एका बाजूनं घाम मानेवर उतरत असताना. टोकाला पोचेपर्यंत दातांच्या डॉक्टरांची बासरी आली, तिच्यामागं तबला, आणि मग आम्ही सगळेच वाजवायला लागलो. पुढं काय वाजवलं ते मला आठवत नाही. टाळ्या झाल्या एवढं आठवतं, आणि भाईंनी माझा रुमाल घेऊन स्वतःचं तोंड पुसलं ते.

बाहेर पटांगणात दादा उभा होता.

"सुरुवातीला जरा हाललं का गं?" त्यानं विचारलं.

"हो. हाललं."

"मला वाटलं, ते तसंच वाजवायचं ऱ्हातं."

वहिनी त्याच्याकडे डोळे वटारून बघायला लागली. मी आणि दादा हसत सुटलो.

दिवाळीत तो अंबडला राहायला आला. गोळ्या लागू पडल्या होत्या, चालणं सुधारलं होतं, पण बसला की हात मांडीवर हलायचा. जेवणं झाल्यावर म्हणाला, "वाजव की. त्या दिवशी लई लांबून ऐकलं." मी त्याच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. व्हायोलिन लावत होते तेव्हा त्यानं हळूच उजवा हात मांडीखाली दाबून धरला. मला दिसू नये म्हणून.

"दाबतोस कशाला?" मी म्हटलं. "राहू दे बाहेर."

"तुझं ध्यान जाईल."

"जाऊ दे."

त्यानं हात काढून गुडघ्यावर ठेवला. तो हलत राहिला. मी घाबरलेलीच होते. गज तारेवर ठेवला आणि ओढायला लागले.